बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची, मग माझी सहा वर्षांतच कशी संपून राहिली?

आर्णीवाला_बियाणे · १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहून राहिलो. अर्धवट विचारलं की उत्तरही अर्धवटच मिळते, हा दुकानातला अनुभव आहे.

आर्णी तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. यवतमाळ आमच्या गावाहून ४५ किलोमीटर. माल तिथूनच, बँक तिथेच, आठवड्यातून पाच दिवस जाणं-येणं ठरलेलं. डिझेलला वैतागून ऑगस्ट २०२३ मध्ये सेकंड हँड इलेक्ट्रिक कार घेतली, सव्वासात लाखात. नोंदणी मार्च २०२१ ची, आधीचे मालक डॉक्टर. तेव्हा मीटरवर ४६,००० होते, आज १,११,००० च्या वर गेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की इथे कंपन्यांचीच कुस्ती लागते आणि माझा प्रश्न आखाड्याबाहेर राहते.

घेतली तेव्हा फुल चार्जवर एसी लावून १९० जायची. या उन्हाळ्यात १५५ वर आली. आपल्याकडचा मे महिना म्हणजे माणूसही अर्धीच रेंज देतो, म्हणून मी मनावर घेतलं नाही. वाटलं, पाऊस पडला की सुधरेल. पाऊस पडला, सोयाबीन निघालं, गाडी १६५ च्या वर काही गेली नाही.

खरी गोष्ट मागच्या महिन्यातली. आईला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवायला नेलं होतं. ती तपासणीच्या रांगेत असताना मी वर्ध्यात फास्ट चार्जरवर गाडी लावली, पण मागे दोघे थांबलेले, म्हणून भरपूर न भरता निघालो. देवळी गेलं, कळंबच्या अलीकडे स्क्रीनवर २२ टक्के होते. चढाला जरा दाबली आणि २२ चे थेट ६. मधले आकडे दिसलेच नाहीत. स्क्रीनवर कासव आलं, गाडी चाळीसच्या वर पळेना. मागून ट्रक हॉर्न मारून राहिले. आई मागच्या सीटवरून म्हणते, "काऊन रे बाबू, बैलाले ढेप नाही टाकली का आज?" रांगत रांगत कळंबला ओळखीच्या एका सोयाबीन व्यापाऱ्याकडे पोचलो. त्याच्या गोदामातल्या १५ अँपियरच्या प्लगवर चार तास गाडी लावून बसलो. चिंतामणीचं दर्शन तेवढं फुकटात झालं.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी अर्धा तास लॅपटॉप लावला आणि सांगितलं, "रेंज ड्रायव्हिंगवर असते, नॉर्मल आहे." कागद काही दिला नाही. मी वॉरंटीचं काढलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणे, वॉरंटी पहिल्या मालकाची असते. दुसरा म्हणे, तसं नाही, पण तुमची संपत आली. कशी संपत आली? डॉक्टरसाहेबांनी मला सांगितलं होतं आठ वर्षं, म्हणजे मार्च २०२९. आणि पूर्ण बॅटरी पॅक बदलायचा झाला तर तोंडी सहा लाखांचा आकडा. सहा लाखात आमच्याकडे पडीक का होईना, वावर येते.

तर वॉरंटीत नेमकं काय बसते, दुसऱ्या मालकाला ती लागू होते का, आणि पूर्ण पॅक न बदलता काही होते का? ज्यांनी हे भोगलं त्यांनीच सांगा. "ईव्ही घ्यायलाच नको होती" हे मला घरून रोज ऐकायला मिळते.

कोराडी_फाटा · १२ ऑक्टोबर

म्हणून मी अजून स्प्लेंडर विकली नाही.

देवळीचे_गुरुजी · १३ ऑक्टोबर

आर्णीवाले भाऊ, वरच्या पोस्टकडे लक्ष देऊ नका. त्यांची स्प्लेंडर गेल्या पोळ्यापासून स्टँडवर आहे, मी पाहिली आहे.

मी स्वतः ईव्ही चालवतो आणि निवृत्तीनंतर वेळ भरपूर असल्याने वॉरंटीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा कदाचित जिल्ह्यातला एकमेव इसम असेन.

तुमची वॉरंटी "आठ वर्षं" नाही. ती "आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते" अशी आहे. त्या शेवटच्या पाच शब्दांकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं नसेल, कारण त्यांचं रनिंग कमी. तुमचं पाहा. २६ महिन्यांत ६५,००० म्हणजे महिन्याला अडीच हजार. उरले ४९,०००. वीस महिन्यांत खलास, म्हणजे जून २०२७ च्या आसपास. २०२९ तुमच्या गाडीच्या पत्रिकेत नाहीच. पुण्या-मुंबईच्या माणसाला वर्षांची मर्यादा आधी लागते, आपल्यासारख्याला किलोमीटरची. इथे बँक ४५ किलोमीटरवर आणि दवाखाना १२० वर. (हा १,६०,००० चा आकडा आला कुठून म्हणाल तर अमेरिकेतल्या एक लाख मैलांचा तो हिशेब आहे. त्यांचे मैल आपल्या पांदण रस्त्यावर आले.)

सगळ्यांची मर्यादा सारखी नसते. एमजीच्या कॉमेटला वर्षं आठच, पण किलोमीटर १,२०,०००. आता "आजीवन" वॉरंटीची लाट आहे, ती मात्र नीट वाचा. टाटाने २०२५ मध्ये हॅरियर ईव्हीसोबत आजीवन वॉरंटी आणली, मग ती कर्व्ह ईव्ही आणि ४५ युनिटची (किलोवॅट-तासाची) बॅटरी असलेल्या नेक्सॉनलाही दिली. त्यात आजीवन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं, आणि तीही पहिल्या मालकाला. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई ला पहिल्या खासगी मालकाला आजीवन, गाडी विकली की १० वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर. काउंटरवरच्या पोराने या नव्या योजनांचा नियम तुमच्या जुन्या गाडीला चिकटवला असावा. जुन्या आठ वर्षांच्या वॉरंटीत साधारणपणे वॉरंटी गाडीसोबत जाते, पण तुमच्या पुस्तिकेतला "मालकी हस्तांतरण" हा परिच्छेद काढून त्याच्या पुढ्यात ठेवा. आरसी तुमच्या नावावर झाली असेलच. कंपनीच्या संगणकात अजून डॉक्टरांचं नाव आहे का ते आधी विचारा, ९० टक्के घोळ तिथेच असतो. (हा टक्का माझ्या मनाचा, कुठल्या पाहणीचा नाही.)

आता काय बसते ते. वॉरंटीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सर्व्हिसवाले त्या एकमेकांत कालवतात. एक, उत्पादनातला दोष: सेल खराब, मॉड्यूल (सेलचा गठ्ठा) खराब, आतलं इलेक्ट्रॉनिक्स खराब. दुसरी, क्षमता. बॅटरी वयाने झिजतेच, ती झीज वॉरंटीत नाही. बऱ्याच कंपन्या म्हणतात की मुदतीच्या आत आरोग्य (नवी असताना जेवढी वीज मावायची त्यातली आज किती मावते ते) ७० टक्क्यांच्या खाली गेलं तरच आम्ही बघू. हा ७० चा आकडा तुमच्या पुस्तिकेत छापलेला आहे का ते तपासा. आणि तो आकडा रेंजचा नसतो. १९० ची १६५ झाली, हे तुम्ही त्रैराशिक मांडून ८७ टक्के म्हणाल. कंपनी ते मानणार नाही, ती स्वतःच्या यंत्रावर मोजलेलं आरोग्यच मानते.

क्षमतेची वॉरंटी मुळात उन्हामुळेच आली, ही गोष्ट आपल्यासाठी मोलाची. निसान लीफ या गाडीच्या डिस्प्लेवर बॅटरीच्या आरोग्याच्या १२ दांड्या असत, आणि बॅटरी पाण्याने थंड करायची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या मालकांच्या दांड्या भराभर गळाल्या. तिथलं ऊन म्हणजे आपलं चंद्रपूर समजा. बोंबाबोंब झाली, तेव्हा कंपनीने लिहून दिलं की ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांत ९ दांड्यांच्या खाली गेली तर आम्ही जबाबदार. त्याआधी वॉरंटी फक्त दोषाची होती.

सहा लाखांचं. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जा क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत पॅकचा जगभरचा सरासरी भाव युनिटमागे ११५ डॉलर होता. ३० युनिटांची बॅटरी धरली तर तीन लाखांच्या आसपास. पण तो घाऊक भाव. त्यावर डीलर, वाहतूक आणि जीएसटी. गंमत अशी की गाडीत बसून आलेल्या बॅटरीवर ५ टक्के जीएसटी, तीच सुटी घेतली तर १८.

हात_काळे · १३ ऑक्टोबर, रात्री

गुरुजींनं कागदाचं सांगतलं, मी लोखंडाचं सांगतो. नागपुरात चौदा वर्षं वर्कशॉपात काढली, त्यातली शेवटची चार ईव्हीवर.

भाऊ, १९० ची १६५ होणं म्हणजे वय. पण २२ चे ६ होणं हे वय नोहे, हा आजार आहे. तुमी दोन्ही तक्रारी एका तोंडानं सांगतल्या, त्याईनं सोपी उचलली आन् तुमाले वाटेले लावलं.

पॅकमधी सेल एकामागं एक जोडले असतात. तुमच्या गाडीत एलएफपी (लोह-फॉस्फेटवाली लिथियम बॅटरी) असन तर सेलमागं ३.२ व्होल्ट, तीनशे-सव्वातीनशेच्या पॅकमधी शंभराच्या आसपास सेल आले. लग्नाच्या पंगतीत एकजण हात धुवाले उठला का सारी पंगत उठते ना, तसं आहे. एक सेल लवकर रिता झाला का बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स) गाडी रोखते, मंग बाकी नव्व्याण्णवाच्या ताटात कितीही वाढलं असो. चढावर दाबली का करंट जास्त मांगते, कमजोर सेलचं व्होल्टेज धाडकन पडते, आन् स्क्रीनवरचे टक्के त्याच्यासंगं पडतात. तुमचं कळंबचं प्रकरण हेच दिसते.

पण आधी एक फुकटचा उपाय करून पाहा. एलएफपीचं व्होल्टेज ८० टक्क्याले आन् ३० टक्क्याले जवळपास सारखंच रायते. म्हणून बीएमएस व्होल्टेज पाहून नाही, जमाखर्च लिहून टक्के सांगते, किती आलं आन् किती गेलं. तुमच्या दुकानाच्या वहीसारखंच, चूक साचत जाते. १०० टक्के भरली का ताळेबंद जुळतो. तुमी रोज ८० वर काढत असान तर वही महिनोन् महिने जुळलीच नसन. तीन राती घरच्या स्लो चार्जरवर १०० करा आन् १०० झाल्यावरबी दोन तास प्लग काढू नोका, तवाच सेल बरोबरीत येतात. गावात रातच्याले व्होल्टेज पडत असन तर येळ जास्त लागन, लागू द्या.

एवढं करूनबी पडली तर सेंटरले जा. जातानी गाडी १५-२० टक्क्यावर न्या. भरून नेली का सारे सेल गुणी दिसतात, मास्तर आल्यावर पोट्टे दिसतात तसे. सल्लागाराले म्हणा का कमी चार्जवर, गाडी लोडवर असतानी सर्वात वरच्या आन् सर्वात खालच्या सेलचं व्होल्टेज काढ, आन् तो आकडा जॉब कार्डावर (तक्रार आन् तपासणी लिवतात त्या सेंटरच्या कागदावर) लिव. तोंडी "नॉर्मल" घेऊ नोका. जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दात लिवजा: "२२ वरून ६ टक्के, चढावर." "रेंज कमी" असं लिवू देऊ नोका.

पूर्ण पॅक क्वचितच बदलतात. दोष एका मॉड्यूलात असन तर तेवढं मॉड्यूल बदलतात, मंग सारं बॅलन्स करतात. बदललेल्या मॉड्यूलले नवी आठ वर्षं भेटत नाहीत, जुन्या वॉरंटीचं जेवढं उरलं तेवढंच. आन् पॅक बाहेर कुठं उघडू नोका. वॉरंटीत आहे तवरोक सील तुटलं का खेळ खलास. तीनशे व्होल्ट डीसी आहे, पकडलं तर सोडत नाही.

आन् हो, एखाद्या सकाळी गाडी अजिबात उठली नाही तर घाबरू नोका. बोनेटखाली बारा व्होल्टची साधी बॅटरी रायते, ती मेली तरी गाडी मढं होते. ती त्या आठ वर्षांत बसत नाही, दोन-चार वर्षाले बदलाच लागते. चार हजारासाठी सहा लाखाचा घाम फुटलेले लोक मी पाह्यले आहेत.

आर्णीवाला_बियाणे · १४ ऑक्टोबर

काळे भाऊ, तुमची पंगत आईला वाचून दाखवली. ती म्हणे, हा माणूस समजून सांगते, तो काउंटरवाला पोट्टा नुसता टाळते.

रोज ८० वरच काढायचो, बरोबर ओळखलं. कोणीतरी सांगितलं होतं की १०० केली की बॅटरी मरते. आजपासून तीन रात्री लावतो.

एक भीती आहे. डिक्कीत कधीमधी बियाण्याच्या चुंगड्या नेतो. "कमर्शियल वापर" म्हणून अंगावर येणार नाहीत ना? आणि भादव्यात एकदा नाल्याच्या पाण्यातून काढली होती, अर्ध्या चाकापर्यंत पाणी होतं.

अमरावती_वकील · १४ ऑक्टोबर

नंबर प्लेट पाहा. हिरव्यावर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. तुमची पांढरी असणार. भाड्याने माल किंवा प्रवासी नेणं वेगळं, स्वतःच्या दुकानाच्या चार चुंगड्या वेगळ्या. पण मागच्या सीटवर युरियाची पोती भरून काढलेला फोटो स्टेटसला ठेवू नका एवढंच.

पाण्याचं लक्षात ठेवा: पुराचं पाणी आत गेलं तर ते वॉरंटीचं काम नाही, विम्याचं आहे. आणि विम्यात बॅटरीवर निम्मा घसारा कापायची जुनी रीत आहे, म्हणून झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) आणि बॅटरीचं वेगळं कव्हर पॉलिसीत आहे का ते आजच पाहा. अर्ध्या चाकापर्यंतच्या पाण्याने सहसा काही होत नाही.

सेंटर ऐकेना तर आधी कंपनीला ईमेल, फोन नको. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तुमचा त्याच्या वरचा आहे, तर थोडी लागेल. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. आणि कारण वॉरंटीच्या मुदतीत घडलं हे दाखवणारा कागद लागतो. काळे भाऊ जॉब कार्डासाठी जीव का टाकत आहेत ते कळलं असेल.

आर्णीवाला_बियाणे · २६ नोव्हेंबर

उशिरा लिहून राहिलो, कापसाची वेचणी आणि मजुरांची ओढाताण. पण कबूल केलं होतं म्हणून सांगतो.

तीन रात्री १०० केली. पहिल्या रात्री १०० झाल्यावरही गाडी पावणेदोन तास विजेचा घोट घोट घेत होती, म्हणजे बॅलन्स करत होती. त्याने रेंज १६५ ची १७४ झाली. हा वहीचा घोळ निघाला. पण आर्णीहून येताना १९ चे परत ७ झाले. म्हणजे आजार होताच.

मग सेंटरला गेलो. १७ टक्क्यांवर नेली, सांगितल्याप्रमाणे. पोरगा म्हणे, चार्ज करून आणा, मग पाहू. मी म्हटलं, नाही, अशीच पाहा. वाद झाला. आतून एक वयस्कर मेकॅनिक हात पुसत आला, त्याला मी फक्त "लोडवर सेलचा फरक" म्हटलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लॅपटॉप घेऊन स्वतः शेजारी बसला. उड्डाणपुलाच्या चढावर दाबायला लावली. बाकी सगळे सेल ३.१ च्या आसपास आणि एक २.६ वर. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली, एक शब्द बोलला नाही. परत येऊन त्यानेच जॉब कार्डावर आकडे लिहिले.

आरोग्य ८३ टक्के निघालं. म्हणजे क्षमतेच्या नावाने गेलो असतो तर रिकाम्या हाती परत. दोषाच्या नावाने काम झालं. मालकीचा घोळ गुरुजी म्हणाले तोच, कंपनीकडे अजून डॉक्टरांचाच मोबाइल नंबर होता, मंजुरीचा ओटीपी त्यांना जाऊन राहिला होता. आरसीची प्रत ईमेल केली, चार दिवसांत नाव बदललं. मॉड्यूल यायला आणि बसायला धरून २३ दिवस गेले, तोवर मेहुण्याची मोटरसायकल. बिल शून्य, फक्त कूलंटचे पैसे घेतले.

आता १८२ देते. परवा सेवाग्रामला गेलो, परतीला कळंबचा चढ २० टक्क्यांवर चढलो आणि १८ वर उतरलो.

राहिला प्रश्न जून २०२७ चा. १,६०,००० व्हायच्या दोन-तीन हजार आधी एकदा पूर्ण तपासणी करून कागद घेऊन ठेवणार. तोवर यवतमाळच्या दोन फेऱ्या एकात बसवतो आहे.

देवळीचे_गुरुजी · २६ नोव्हेंबर

तपासणी दोन-तीन हजार नाही, दहा हजार आधी करा. तुमचा महिना अडीच हजारांचा आणि त्यांचं मॉड्यूल यायला २३ दिवस. काही निघालं तर दुसऱ्यांदा जायला जागा हवी.

हात_काळे · २६ नोव्हेंबर, रात्री

गुरुजी बरोबर. त्या वयस्कर मेकॅनिकले दिवाळीचा चिवडा देऊन या, उशिरा का होईना. आन् जॉब कार्डाचा फोटो पाठवता का? कोणतं मॉड्यूल होतं ते पाहाचं आहे.

आर्णीवाला_बियाणे · २७ नोव्हेंबर

पाठवतो, पण उद्या. आत्ता कापसाची गाडी भरणं सुरू आहे, आणि ते कार्ड आईने तिच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवून दिलं आहे.